सामना कधी आहे? डार्ट्सच्या वेळापत्रकाची कथा



खेळाचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा विजेत्यांची यादी घेऊन बसतो. मी आज दुसराच एक कागद हाती घेणार आहे. कोणता सामना, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाविरुद्ध, एवढाच त्यावरचा मजकूर; आणि स्पर्धा संपली की त्याची जागा रद्दीत. हे सामन्यांचे वेळापत्रक कोणी छापले, कोणाच्या सोयीने छापले, आणि ते पाहण्यासाठी शौकिनाला कोणाच्या दारी जावे लागले, असे विचारीत मागे मागे गेले म्हणजे त्या खेळाचा धनी कोण होता ते उघड होते. इंग्लंडातल्या डार्ट्स या खेळाने शंभर वर्षांत असे तीन धनी पाहिले: आधी मद्यगृहाचा मालक, मग एक वर्तमानपत्र, आणि त्यानंतर दूरचित्रवाणी. धनी बदलला की वेळापत्रक बदलले, आणि त्या प्रत्येक बदलात कोणाच्या तरी पोळीवर तूप पडले, कोणाची तरी भाकरी गेली.

आपल्याकडे हा खेळ क्लबात आणि क्वचित एखाद्या सुखवस्तू घराच्या व्हरांड्यात दिसतो, तेव्हा त्याची चार वाक्यांत ओळख करून देतो. भिंतीवर सुमारे अठरा इंच व्यासाची गोल तबकडी. तिचा मध्य जमिनीपासून ५ फूट ८ इंच उंच. तिचे वीस भाग पाडलेले असतात, आणि प्रत्येक भागात दुप्पट व तिप्पट गुणांची एकेक अरुंद पट्टी असते. आजच्या नियमाप्रमाणे ७ फूट सव्वानऊ इंचांवरून एका पाळीत तीन छोटे बाण फेकायचे. ५०१ या संख्येतून गुण वजा करीत यायचे आणि शेवटचा बाण दुप्पटीच्या पट्टीतच मारून शून्यावर उतरायचे. वीसच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला पाच. वीसच्या लोभाने नेम धरणाऱ्याचा हात केसभर चळला की त्याच्या पदरी एक किंवा पाच येतो. तबकडीवरचे आकडे असे मांडणारा माणूस कोण होता हे आजही वादातच आहे; पण मनुष्यस्वभावाची त्याला चांगली पारख असली पाहिजे.

या खेळाचे घर म्हणजे इंग्लंडातले सार्वजनिक मद्यगृह, ज्याला तिकडे पब म्हणतात. आपल्या ‘गुत्ता’ या शब्दाने त्याचे चित्र उभे राहत नाही. गल्लीतल्या कामगाराची ती बैठक. चावडी, चहाचे दुकान आणि गप्पांचा कट्टा यांची तिथे बेरीज होते. पबला परवाना लागे, आणि परवाना देणारे स्थानिक न्यायाधीश नशिबाच्या खेळाला, म्हणजे जुगाराला, परवानगी देत नसत. डार्ट्स हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, हा प्रश्न म्हणून पबवाल्याच्या पोटापाण्याचा होता. लीड्स शहरातली १९०८ सालची एक गोष्ट अजून मोठ्या चवीने सांगतात: एका पबच्या मालकाने न्यायालयातच तबकडी टांगली आणि मागितलेल्या आकड्यावर बाण मारून दाखवून खटला जिंकला. संशोधकांनी दप्तरे धुंडाळली, पण या गोष्टीला आधार सापडला नाही. गोष्ट टिकून राहिली, कारण हजारो पबवाल्यांना ती खरी असायला हवी होती.

या काळात वेळापत्रक खडूने लिहिले जाई. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, सरकारने पबच्या वेळा आवळल्या. दुपारी काही तास, मग दार बंद, आणि पुन्हा संध्याकाळी काही तास, ही घडी थोड्याफार फरकाने १९८८ च्या कायद्यापर्यंत चालली. साहजिकच सामने संध्याकाळी होत. १९२० नंतरच्या दशकात बिअर गाळणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या पबांच्या साखळ्या, म्हणजे लीग, बांधल्या. या आठवड्यात या पबचा संघ त्या पबात, पुढच्या आठवड्यात उलट. सामने बहुधा आठवड्याच्या मधल्या रात्री ठेवीत, कारण शनिवारी पब आपणच भरतो. मधल्या रात्री माणसे आणायची तर काही निमित्त लागते, आणि पाहुणा संघ म्हणजे डझनभर तहानलेले गळे. आपल्या जत्रेत आखाड्याच्या कडेला उभे राहून पंच मंडळी जोड लावतात. तिथे निदान बलाबल पाहिले जाते. इथे जोड लागत होती ती पिपांच्या खपावर. हे मी दोष म्हणून सांगत नाही. या खपावरच खेळ गल्लीगल्लीत पोचला. सामना कधी आहे हे जाणण्यासाठी पबात जाऊन फळा पाहायचा, आणि फळा पाहायला गेलेला माणूस कोरडा परतत नसे.

दुसरा धनी आला तो १९२७ साली. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे रविवारी निघणारे, गुन्हे आणि भानगडींच्या वार्तांवर पोसलेले, प्रचंड खपाचे वृत्तपत्र. त्याने लंडन परिसरापुरती एक वैयक्तिक स्पर्धा भरविली. सुमारे एक हजार स्पर्धक आले, आणि हॉलबर्न हॉलमध्ये सॅमी स्टोन या खेळाडूने ती जिंकली. नंतर स्पर्धा एकेका प्रांतात पसरत गेली, आणि १९३८-३९ च्या हंगामात स्पर्धकांचा एकंदर आकडा २,८०,००० च्या वर पोचला. लंडन विभागाची त्या वर्षीची अंतिम फेरी इझलिंग्टनच्या रॉयल ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये झाली. ज्या सभागृहात गुराढोरांची प्रदर्शने भरत तिथे १४,५३४ माणसे एक तबकडी पाहायला जमली. मागच्या रांगेतल्या माणसाला बाण दिसणे शक्यच नव्हते. तो आकडा ऐकत होता आणि पुढच्या रांगेचा श्वास पाहत होता.

इतक्या माणसांचे सामने लावायचे कसे? पद्धत बाद फेऱ्यांची. आधी आपल्याच पबमधल्या सोबत्यांशी, मग शेजारच्या पबांच्या विजेत्यांशी, मग तालुका, मग प्रांत. सामना तीन डावांचा. दोन जिंकले की पुढे, दोन हरले की घरी. या दोन डावांची क्रूरता ध्यानात घ्यावी. हिवाळाभर जिंकत आलेला माणूस दहा मिनिटांच्या वाईट हातामुळे बाहेर पडे. म्हणून पुढचा सामना कधी, हा प्रश्न त्याच्या बायकोपासून त्याच्या कारखान्यातल्या मुकादमापर्यंत सर्वांचा होई. रजा मागावी लागे, शेजाऱ्यांनी मिळून मोटार ठरवावी लागे. वृत्तपत्राला नेमके हेच पाहिजे होते. स्पर्धा रविवारच्या अंकाचीच होती, तिच्या बातमीसाठी अंक घ्यायचा. पबवाल्याने पेला विकला, संपादकाने अंक विकला. खेळणाऱ्याच्या वाट्याला मानपत्र आणि करंडक. मला मात्र या स्पर्धेविषयी आदर वाटतो. तिने बाण फेकणाऱ्या कामगाराला त्याच्या गल्लीबाहेर नाव दिले.

प्रतिष्ठितांची नाके तोवर मुरडलेलीच होती. मग १९३७ च्या डिसेंबरात सहावे जॉर्ज आणि त्यांची राणी एलिझाबेथ स्लाव येथील एका सामाजिक केंद्राला भेट द्यायला गेले, आणि तिथे दोघांनी तीन तीन बाण फेकले. राजाचे १९ गुण झाले, राणीचे २१. बातमी देशभर गेली, आणि पबची पायरी न चढणाऱ्या स्त्रियांनाही तबकडी घरात आणायला निमित्त मिळाले. खेळाच्या इतिहासात राजघराण्याचे काम एवढेच, पण ते छान झाले.

युद्धानंतर १९४७-४८ पासून हीच स्पर्धा प्रथमच साऱ्या देशाची एक अशी भरू लागली. पण आता तिसरा धनी उंबऱ्यावर उभा होता. दूरचित्रवाणीला हा खेळ फार उशिरा उमगला. १९७० नंतरच्या दशकात यॉर्कशायर टेलिव्हिजनने ‘इनडोअर लीग’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात पबमधले सारे बैठे-उभे खेळ दाखवीत. तो निर्माण करणारा सिड वॉडेल हा खाणकामगाराचा मुलगा, केंब्रिजला इतिहास शिकलेला. आणि सूत्रधार म्हणून पडद्यावर येई तो फ्रेड ट्रूमन. हे नाव मराठी श्रोत्यांना सांगावे लागणार नाही. १९५२ साली लीड्सच्या मैदानावर विजय हजाऱ्यांच्या भारतीय संघाचे दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद झाले. त्यांतले तीन या ट्रूमनचे, आणि बाद झालेल्या चौघांत माधव मंत्री आणि विजय मांजरेकर होते. तोच गृहस्थ वीस वर्षांनी पाइप ओढीत पबच्या खेळांचे निरूपण करीत होता.

दूरचित्रवाणीच्या हाती एक युक्ती लागली. पडदा दोन भागांत विभागायचा: एकीकडे खेळाडूचा चेहरा, दुसरीकडे तबकडी. १९३९ साली मागच्या रांगेत बसलेल्याला जे दिसले नव्हते ते आता घरी बसलेल्याला दिसू लागले. बाण सुटण्याआधी डोळ्यांत काय होते आणि सुटल्यावर चेहऱ्याचे काय झाले, हे एकाच वेळी दाखविणारा खेळ दुसरा नसेल. शिवाय एक छोटी जागा, दोनच माणसे, पावसाची भीती नाही. खर्च कमी.

१९७३ साली ओली क्रॉफ्ट या गृहस्थाने उत्तर लंडनमधल्या आपल्या घरी ‘ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन’ ही संस्था स्थापिली, आणि १९७८ साली तिने पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा नॉटिंगहॅमच्या एका नाइट क्लबात भरविली. सोळा खेळाडू, अंतिम सामन्यात वेल्सच्या लेटन रीसने इंग्लंडच्या जॉन लोला ११-७ असे हरविले. स्पर्धेला नाव एका सिगारेटचे होते, एम्बसी. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर सिगारेटची जाहिरात करण्याला १९६५ पासून बंदी होती, पण स्पर्धेलाच सिगारेटचे नाव दिले तर निवेदकाला ते उच्चारावेच लागे. बी. बी. सी. सारख्या जाहिरातमुक्त संस्थेच्या पडद्यावर कंपनीला जागा मिळाली. आता सामन्याची वेळ ना पबच्या घंटेवर, ना रविवारच्या अंकावर. रात्रीच्या कार्यक्रमात कुठे मोकळी अर्धी घटका आहे, त्यावर ती ठरू लागली.

पुढची काही वर्षे दिवाळीची गेली. एरिक ब्रिस्टो, जॉन लो, जॉकी विल्सन ही नावे घराघरात पोचली. १९८३ साली तेवीस वर्षांच्या कीथ डेलरने अंतिम सामन्यात ब्रिस्टोला ६-५ असे हरवले, तेही १३८ हा अवघड आकडा तीन बाणांत संपवून. १९८४ च्या ऑक्टोबरात जॉन लोने नऊ बाणांत ५०१ पूर्ण केले; पडद्यावर असे प्रथमच घडले, आणि त्याला १,०२,००० पौंड मिळाले. सुतार, कोळसेवाले, गोदामातले कारकून नोकऱ्या सोडून पूर्ण वेळ बाण फेकू लागले. वेळापत्रक भरगच्च होते, मग नोकरीची गरज काय?

आणि मग ते वेळापत्रकच रिकामे झाले. पडद्यावरच्या या खेळाडूंच्या हाती पेला आणि सिगारेट असे, पोटे सुटलेली. या चित्राची सभ्य समाजात थट्टा सुरू झाली. ‘आय. टी. व्ही.’ ने १९८८ च्या सुमारास डार्ट्स सोडले, बी. बी. सी. नेही हात आखडता घेतला, आणि दशकाच्या अखेरीस पडद्यावर उरली ती जवळजवळ एकटी जागतिक स्पर्धा. वर्षातून एक आठवडा. नोकरी सोडून आलेल्या माणसाने उरलेले एक्कावन्न आठवडे काय खावे? प्रायोजक फिरकेनात, कारण पडद्यावर न दिसणाऱ्या सदऱ्यावर आपले नाव कोण लावील? ओली क्रॉफ्ट यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांची संस्था हजारो हौशी खेळाडूंची, काउंटीकाउंटींच्या संघांची होती. मूठभर व्यावसायिकांसाठी ती दावणीला बांधावी असे त्यांना वाटेना. दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच भांडण मिटले नाही.

१९९२ च्या आरंभी सोळा अव्वल खेळाडूंनी ‘वर्ल्ड डार्ट्स कौन्सिल’ स्थापिली. १९९३ च्या जानेवारीत, फ्रिम्ली ग्रीन येथे जागतिक स्पर्धा चालू असताना, त्यांनी जाहीर केले की पुढल्या वर्षी आमची कौन्सिल मानली तरच आम्ही खेळू. ब्रिस्टो, लो, विल्सन, डेलर, बॉब अँडरसन, फिल टेलर, डेनिस प्रीस्टली. खेळत असलेले सारे माजी विजेते त्यांत होते. संस्थेने त्यांना बहिष्कृत केले. जागतिक स्पर्धेतून तर काढलेच, पण काउंटीच्या आणि गावच्या स्पर्धांचेही दार बंद केले, आणि त्यांच्याबरोबर खेळणाऱ्यालाही धाक घातला. जातगंगेचा बहिष्कार आपल्याला ठाऊक आहे. त्याच जातीचा हा प्रकार. सोळांपैकी माइक ग्रेगरी आणि क्रिस जॉन्स हे दोघे परत गेले. त्यांना कच्चे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उरलेल्या चौदांनी नव्या उपग्रहवाहिनीच्या, स्कायच्या, आधाराने आपली वेगळी जागतिक स्पर्धा मांडली: २६ डिसेंबर १९९३ ते २ जानेवारी १९९४, एसेक्समधल्या पर्फ्लीट गावच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये. चोवीस खेळाडू, अंतिम सामन्यात प्रीस्टलीने टेलरला ६-१ असे हरवले. ती स्पर्धा संपते न संपते तोच फ्रिम्ली ग्रीनला जुनी स्पर्धा रंगात आली, आणि कॅनडाचा जॉन पार्ट तिथे विजेता झाला. एका आठवड्यात दोन जगज्जेते. डार्ट्सच्या शौकिनाने जागतिक स्पर्धेचे वेळापत्रक कोठे आहे असे विचारले तर त्याला उलट प्रश्न येई: कोणत्या जागतिक स्पर्धेचे? भांडण न्यायालयात गेले. ३० जून १९९७ रोजी तडजोड झाली. खेळाडूंना हवे तिथे खेळण्याची मोकळीक मिळाली, आणि कौन्सिलने आपल्या नावातला ‘वर्ल्ड’ सोडून ‘प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन’ हे नाव घेतले. पण दोन वेळापत्रके चालूच राहिली. फिल टेलर नव्या गोटात विजयामागून विजय मिळवीत होता, आणि जुन्या गोटातले चांगले हात एकेक करून तिकडे जात होते. नेदरलंड्सचा रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्ड २००६ साली गेला, आणि १ जानेवारी २००७ रोजी पर्फ्लीटला टेलरला अखेरच्या निर्णायक डावात ७-६ ने हरवून जगज्जेता झाला. शेवटी २०२० च्या जानेवारीत जुन्या संस्थेची स्पर्धा लंडनच्या एका आलिशान सभागृहात नेण्यात आली, तिकिटे खपली नाहीत, बक्षिसे कापावी लागली, आणि त्याच वर्षी संस्थेचे दिवाळे निघाले. क्रॉफ्ट आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात वारले होते. दोन वेळापत्रकांची ही कथा सत्तावीस हिवाळे चालली.

नवी स्पर्धा २००७ च्या डिसेंबरापासून उत्तर लंडनच्या टेकडीवरल्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये भरते. ही वास्तू १८७३ साली उघडली आणि सोळाच दिवसांत जळाली. पुन्हा बांधून १८७५ च्या मे महिन्यात उघडली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तेही वर्ष हेच, एवढे आपल्या व्यासपीठाच्या अभिमानापोटी नमूद करतो. पण डार्ट्सच्या दृष्टीने दुसरी तारीख महत्त्वाची. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बी. बी. सी. ने आपली नियमित दूरचित्रवाणी सुरू केली ती याच इमारतीतून. ज्या धन्याने हा खेळ उचलला, टाकला आणि पुन्हा उचलला, त्याच्या जन्मघरीच तो आता दर हिवाळ्यात नांदतो. इथेच १७ डिसेंबर २०१९ रोजी फॅलन शेरॉक हिने टेड एव्हेट्सला ३-२ असे हरवले. या स्पर्धेत पुरुषाला हरविणारी ती पहिली स्त्री. आणि इथेच ३ जानेवारी २०२५ रोजी ल्यूक लिटलर सतराव्या वर्षी जगज्जेता झाला.

आता या स्पर्धेचे वेळापत्रक हाती घ्यायचे तर काय पाहावे? नोव्हेंबरअखेर पात्रतेच्या स्पर्धा संपतात, मग सोडत निघते. सोडतीने फक्त कोण कोणाविरुद्ध हे कळते; कोणत्या दिवशी, ते मागाहून ठरते, आणि ठरविताना दूरचित्रवाणीची सोय पाहिली जाते. गतवर्षीचा विजेता बहुधा पहिल्याच रात्री खेळतो; हा मानही असतो आणि जाहिरातही. १९७८ साली सोळा खेळाडू होते. २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या स्पर्धेपासून ते १२८ झाले, म्हणजे एक विजेता उरेपर्यंत १२७ सामने. दिवसाची सत्रे बहुधा दोन. छापलेली वेळ सत्रातल्या पहिल्या सामन्याचीच समजावी. पुढचे सामने आधीचा संपेल तसे लागतात, कारण कोणता सामना अर्ध्या तासात आटोपेल आणि कोणता दीड तास रखडेल हे सोडत काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्याकडच्या माणसाने आणखी एक हिशेब करावा. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. तिथले दुपारी साडेबाराचे सत्र आपल्या संध्याकाळी सहाला लागते, ते दिवेलागणीला पाहता येते. रात्रीचे सातचे सत्र मात्र आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला, आणि तेव्हा आपली तारीख पुढे गेलेली असते. वेळापत्रकात ३ जानेवारीची रात्र लिहिलेली असेल तर पुण्या-सोलापुरात ती ४ जानेवारीची पहाट होय. हा हिशेब करणारे आता आपल्याकडेही वाढतील. २०२५ च्या डिसेंबरात नितीन कुमार याने नेदरलंड्सच्या रिचर्ड वेनस्ट्राला ३-२ असे हरविले, आणि या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.

आणि २४, २५ व २६ डिसेंबर हे तीन रकाने रिकामे दिसले तर छापखान्याची चूक समजू नये. पर्फ्लीटला पहिली स्पर्धा सव्वीस तारखेलाच सुरू झाली होती. आता नाताळचे हे तीन दिवस खेळाडू घरी जातात. त्यापुढच्या रकान्यांत सोडतीच्या वेळी नावे नसतातच, केवळ ‘अमक्या सामन्याचा विजेता’ असे लिहिलेले असते. तेवीस तारखेच्या रात्री शेवटचा बाण तबकडीत रुतला म्हणजे सत्तावीसच्या रकान्यात नावे भरायला घेतात.